मदत हवी आहे: आदिवासी कुटुंबांच्या एकत्र घरकुलासाठी जमीन कुणाच्या नावावर घ्यावी?

नमस्कार. पेठ-सुरगाण्याकडून कामाला आलेली 12 कोकणा आणि महादेव कोळी कुटुंबं नाशिक महापालिका हद्दीत एकत्र घरं बांधू पाहताहेत. जमीन आदिवासी खातेदाराचीच बघितली आहे.

आदिवासींसाठीच्या शबरी घरकुल योजनेत शहरी भागात एका घराला 2.5 लाख अनुदान मिळतं, चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापराची जागा) 269 चौरस फूट. जिना-भिंती धरून 350 चौरस फूट बांधकाम, दर चौरस फुटाला 1,800 रुपये धरला तर 6.30 लाख. तूट 3.80 लाखांची, आणि यात जमीन नाहीच. काळ्या मातीत पाया मुरुमापर्यंत न्यावा लागतो, नाहीतर भिंतींना तडे ठरलेलेच. ती खोदाई वेगळी.

खरा पेच मालकीचा आहे. अनुदानाला लाभार्थीच्या नावावर जागा लागते. सातबाऱ्यावर 12 नावं सामायिक लावली, तर कर्जाच्या तारणाला सगळ्यांची संमती लागणार. एकजण अडला की सगळे अडले. गृहनिर्माण संस्थेच्या नावावर घेतली, तर वैयक्तिक मालकी दाखवायची कशी? शिवाय सगळे सभासद आदिवासी असले तरी आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला देण्यावर बंधन घालणाऱ्या महसूल अधिनियम 1966 च्या कलम 36अ नुसार संस्था ‘बिगर आदिवासी’ धरली जाते का? तसं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आलीच, आणि ती काय प्रकार आहे हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे.

संस्थेच्या नावावर असा दस्त कुणी नोंदवलाय का? फेरफार मंजूर झाला का? बिल्डरला विकसन करारावर द्या, हा सल्ला कृपया नको.