शब्दचर्चा: महागाई, भाववाढ, चलनवाढ, तेजी

शब्दवेडी: सोलापुरात कांदा चढला की मथळा येतो, 'महागाईचा भडका'. त्याच अंकात आतल्या पानावर असतं, 'महागाई घटली'. महागाई, भाववाढ, चलनवाढ, तेजी हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

व्युत्पत्तीवाला: संस्कृत 'अर्घ' म्हणजे मोल. महा + अर्घ = महार्घ, त्याचा प्राकृतातून 'महाग' झाला. जोडीचा शब्द 'समर्घ', त्याचा 'सवंग'. गुजरातीत मोंघुं-सोंघुं ही जोडी अजून मालाला लागते; मराठीत 'सवंग' मालावरून उतरून लोकप्रियतेला चिकटला. आता वापर पाहा. कांदा 'महागतो'. 'कांद्याला महागाई आली' असं कुणी म्हणत नाही, कारण महागाई घरखर्चाची असते, एका जिनसाची नव्हे. म्हणजे पहिला मथळाच चुकला.

यार्डातला: अगदी बरोबर. बाजार समितीच्या आवारात शब्द असतात आवक, तेजी, मंदी. उन्हाळ कांदा मार्च ते मेमध्ये निघतो आणि चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने राहतो. तिथे तो वजनाला घटतो, कोंब धरतो, सडतो. दिवाळीच्या आसपास चाळी रिकाम्या होतात. त्याच वेळी परतीच्या पावसानं खरिपाचा लाल कांदा शेतात नासला, तर मधल्या आठवड्यांत मालच नसतो आणि भाव चढतो. ही तेजी. डिसेंबर-जानेवारीत सोलापूरला आवक वाढली की भाव उतरायला लागतो.

दुसरी चूक मथळ्याखालच्या बातमीतल्या आकड्याची. बाजारभावाच्या तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. लिलावात एखादं निवडक, मोठ्या नगाचं वक्कल (एकत्र विकलेला ढीग) वरच्या भावाला जातं, तो कमाल. बातमीत तोच येतो. बाकी माल सर्वसाधारण दराच्या आसपास विकलेला असतो, आणि शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, त्यातूनही हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा होतं.

अर्थपाठ: 'महागाई घटली' याबद्दल. धरा, शेंगदाणे किलोला १०० होते, पुढच्या वर्षी १२०, त्यानंतर १२६. पहिल्या वर्षी वाढ २० टक्के, दुसऱ्या वर्षी ५. वाढीचा दर घटला, पण शेंगदाणे सहा रुपयांनी महागच झाले. म्हणून लिहावं 'महागाईचा वेग मंदावला'. 'महागाई घटली' वाचून वाण्याकडे गेलेला माणूस फसतो, आणि हा दोष भाषेचा आहे.

'चलनवाढ' शब्दशः चलन वाढणं. बाजारात माल तेवढाच आणि पैसा जास्त झाला की सगळ्याच वस्तूंचे भाव वाढतात, तिथे तो शोभतो. पावसानं नासलेल्या कांद्याला तो लावू नये. 'भाववाढ' म्हणावं, किंवा सरळ 'टंचाई'. फरक उपायात दिसतो. रिझर्व्ह बँक किरकोळ महागाई (ग्राहक दुकानात देतो त्या भावांतली) ४ टक्के, अधिक-उणे २, या पट्ट्यात ठेवण्यासाठी व्याजदर हलवते. पण व्याजदर वाढवून कांदा उगवत नाही. टंचाईला राखीव साठा बाजारात सोडणं, आयात शुल्क उतरवणं, साठामर्यादा, निर्यातबंदी असे उपाय होतात. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली, ती ४ मे २०२४ ला खुली झाली. त्यातही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क होतं. टंचाईसाठी काढलेला हा उपाय डिसेंबर-जानेवारीतल्या भरल्या आवकेवर येऊन पडला. माझ्या मते राखीव साठा वेळेवर सोडणं केव्हाही बरं. बंदीनं परदेशी गिऱ्हाईक तुटतं.

शब्दवेडी: मग 'साठा' आणि 'साठेबाजी'?

अर्थपाठ: इथे जपून लिहावं. चाळीतला कांदा किंवा कणगीतली ज्वारी ही 'साठवण'; ती नसती तर सुगीत माल मातीमोल आणि पुढे दिसेनासा झाला असता. व्यापाऱ्याकडचा तो 'साठा'. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली मर्यादा लागली आणि ती ओलांडली, तर तो बेकायदा साठा. जून २०२३ मध्ये तूर आणि उडदासाठी घाऊक व्यापाऱ्याला २०० टन, किरकोळ दुकानाला ५ टन अशी मर्यादा होती. डाळ मिलचा हिशेब वेगळा: शेवटच्या तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के, यांतलं जे जास्त असेल ते. तेव्हा घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात २०० पोती दिसली की 'साठेबाज' लिहू नका. क्विंटलची पोती धरली तरी ते २० टन होतात.

यार्डातला: अजून एक. भाव 'उतरले' हे घेणाऱ्याचं बोलणं, 'पडले' हे पिकवणाऱ्याचं. सोलापुरात सकाळी एकच पेपर माढ्यातला शेतकरीही वाचतो आणि शहरातला यंत्रमाग कामगारही. त्यामुळे मथळ्यात सरळ आकडा द्यावा: 'कांदा, सर्वसाधारण दर क्विंटलला इतका, कालच्यापेक्षा इतका कमी'.