कमी खर्चातील ब्रिटिश भयपट आणि आपला चोरटा आनंद

काजवा:
गेली काही वर्षे, घरातील सारे झोपल्यावर, मी साठच्या दशकातील ब्रिटिश भयपट पाहत बसतो. घोडागाडी दर वेळी त्याच पाइन वृक्षांमधून धावते, मध्यरात्रीच्या प्रसंगात झाडांच्या सावल्या उन्हातल्यासारख्या रेखीव पडतात आणि खाणावळीत आलेल्या परक्या पाहुण्याने किल्ल्याचे नाव काढताच सगळ्यांच्या गप्पा थांबतात. हे सारे पाठ झाले आहे, तरी पुढचा चित्रपट लावल्यावाचून राहवत नाही. मित्रांत मात्र मी ही आवड सांगायला कचरतो. या आनंदात खरोखर काही सत्त्व आहे, की ही नुसती सवय आहे, असे जाणकारांना विचारावेसे वाटते.

उंबरठा:
सत्त्व नक्कीच आहे. हॅमर या ब्रिटिश चित्रपट कंपनीने १९५७ साली फ्रँकेन्स्टाइनची कथा रंगीत पडद्यावर आणली, तेव्हा तिच्या हाताशी सुमारे ६५ हजार पौंड होते आणि स्टुडिओ म्हणजे बर्कशायरमधील ब्रे गावाजवळचा, थेम्सच्या काठावरील एक जुना वाडा होता. तिथे कलादिग्दर्शक बर्नार्ड रॉबिन्सन तेच खांब, त्याच कमानी आणि तेच जिने फिरवून, रंगवून पुन्हा उभे करत. १९६६ साली प्रदर्शित झालेल्या एका ड्रॅक्युलापटाचा किल्ला चित्रीकरण संपताच थोड्या फेरफाराने रशियातील साधू रास्पुतिनवरील चित्रपटासाठी वापरला गेला आणि ख्रिस्तोफर ली व बार्बरा शेली हे कलाकार दोन्हींत आहेत. त्याच वर्षीच्या आणखी दोन चित्रपटांत इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातले म्हणून उभारलेले एकच गाव दिसते; एकात तिथल्या स्मशानातून प्रेते उठतात, दुसऱ्यात सर्पस्त्री वावरते. आपले पाइन वृक्ष बहुधा बकिंगहॅमशायरमधील ब्लॅक पार्कचे असावेत. रात्रीच्या चित्रीकरणाला दिवे आणि जादा मजुरी लागत असल्याने ती रात्र भरदिवसा, कॅमेऱ्यात कमी प्रकाश घेऊन, टिपलेली असे. सावल्या रेखीव का पडतात, याचे उत्तर त्यात आहे. ज्या चित्रपटांवर समीक्षकांनी सडकून टीका केली, त्यांच्याच बळावर मिळवलेल्या परकीय चलनाबद्दल या कंपनीला १९६८ साली राणीच्या नावाचा उद्योग पुरस्कार मिळाला, हेही आपल्या मित्रांना जरूर सांगावे.

अभ्रक:
उंबरठा यांनी सांगितलेली काटकसर मोलाची आहे, परंतु नुसत्या काटकसरीने माणूस रात्र रात्र जागत नाही. मला बांधून ठेवतो तो नटांचा प्रामाणिकपणा. १९५८ च्या ‘ड्रॅक्युला’चा शेवट पुन्हा पाहा. ड्रॅक्युलाच्या शत्रूच्या भूमिकेतले पीटर कुशिंग लांबलचक मेजावरून धावत जाऊन खिडकीच्या पडद्यावर झेप घेतात, पडदा ओरबाडून खाली आणतात, उन्हाची तिरीप ड्रॅक्युलाच्या पायावर पडते आणि मग कुशिंग दोन मेणबत्तीदाने एकमेकांवर आडवी धरून क्रूस करतात. त्या मेणबत्तीदानांची कल्पना कुशिंग यांची स्वतःचीच होती. भोवतालच्या भिंती रंगवलेल्या लाकडाच्या आहेत हे ठाऊक असलेला हा नट क्षणभरही तसे जाणवू देत नाही. उंबरठा म्हणतात त्या १९६६ च्या ड्रॅक्युलापटात ड्रॅक्युला झालेल्या ली यांना एकही संवाद नाही, तरी ते जिन्याच्या माथ्यावर उभे राहिले की खोलीतली हवा बदलते.

पागोळी:
मला आपला संकोच अगदीच निराधार वाटत नाही. १९७० साली ब्रिटनमध्ये ‘एक्स’ या, प्रौढांसाठीच्या चित्रपटांना मिळणाऱ्या, प्रमाणपत्राची वयोमर्यादा सोळावरून अठरावर गेली आणि त्यानंतरच्या कित्येक चित्रपटांत भीतीची जागा स्त्रियांच्या उघड्या देहांनी घेतली. ते पाहताना मला आजही अवघडल्यासारखे होते आणि त्याला ‘त्या काळची रीत’ म्हणून मी सोडून देऊ शकत नाही.

तरीही त्याच काळातला, १९७२ चा ‘डेथ लाइन’ मी कोणालाही निःसंकोच सुचवीन. लंडनच्या भुयारी रेल्वेचे खोदकाम चालू असताना दरड कोसळून मजूर आत गाडले जातात, कंपनी त्यांना तसेच सोडून देते आणि त्यांचा शेवटचा वंशज बोगद्यात माणसे मारून जगत असतो. कॅमेरा त्याच्या बिळातून अतिशय संथपणे फिरतो, एकेक प्रेत दाखवतो आणि शेवटी आजारी सोबतिणीजवळ बसलेल्या त्याच्यापाशी थांबतो. त्याला भाषा येत नाही. दारांपासून सावध राहा, ही फलाटावरची सूचना तेवढी त्याने वर्षानुवर्षे ऐकलेली असते आणि विनवणी असो वा संताप, तो तेच शब्द उच्चारत राहतो. हा प्रसंग पाहताना माझे डोळे भरून आले होते.

काजवा:
सर्वांचे मनापासून आभार. ‘डेथ लाइन’ मी पाहिलेला नाही, तो आज रात्रीच पाहीन. उंबरठा यांचे वाचून काल ड्रॅक्युला आणि रास्पुतिन हे दोन्ही चित्रपट लागोपाठ लावले आणि दुसऱ्यात ओळखीच्या भिंती शोधत बसलो. थोड्याच वेळात ली यांनी माझे लक्ष असे वेधून घेतले की शोध अर्धाच राहिला.