इसुझू व्ही-क्रॉस की टोयोटा हायलक्स? देवगडची बाग आणि घाटाचा रस्ता

देवगडचा_बागायतदार

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमची हापूसची वडिलोपार्जित बाग आहे आणि राहते घर कोल्हापुरात, त्यामुळे फोंडा घाटाने येणे-जाणे वर्षभर चालू असते. जुनी डिझेल एसयूव्ही आता बदलायलाच हवी. तिच्या जागी डबल कॅब पिकअप (दोन रांगांच्या सीट आणि मागे मालाचा उघडा हौदा) घ्यावी, असे घरात ठरले असून इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स या दोन गाड्यांवर येऊन थांबलो आहे. एरवी खताची पोती, फवारणीचा पंप आणि पाइप न्यायचे असतात, मार्च ते मे या काळात आंब्याच्या पेट्या असतात आणि बहुतेक वेळा मागच्या सीटवर आई-वडील असतात. बागेकडे उतरणारा शेवटचा टप्पा कातळावरून जातो आणि पुढे लाल मातीचा आहे, तो जून लागला की निसरडा होतो. हायलक्ससाठी जे जास्तीचे पैसे मोजावे लागतात, ते अशा वापरात वसूल होतात का, एवढेच मला समजून घ्यायचे आहे.

घाटमाथा

दोन्ही गाड्यांची बांधणी एकाच वळणाची आहे: शिडीसारखी चासी, मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग), सव्वापाच मीटरच्या पुढची लांबी आणि लो रेंजसह (कमी वेगात जास्त ओढ देणाऱ्या गिअरसह) फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद. खरा फरक इंजिनात आहे. व्ही-क्रॉसचे इंजिन 1.9 लिटरचे असून ते 163 पीएस शक्ती आणि 360 एनएम टॉर्क (ओढण्याचा जोर) देते. हायलक्समध्ये टोयोटाच्याच फॉर्च्युनर एसयूव्हीचे 2.8 लिटरचे इंजिन आहे, त्याची शक्ती 204 पीएस असून टॉर्क मॅन्युअलमध्ये 420 एनएम, तर ऑटोमॅटिकमध्ये 500 एनएम मिळतो. सपाट महामार्गावर हे अंतर फारसे जाणवत नाही, परंतु भरल्या गाडीने घाट चढताना पुढच्या एसटीला ओलांडायचे असेल तेव्हा व्ही-क्रॉसला गिअर खाली घेऊन इंजिन ओरडवावे लागते आणि हायलक्स तेच काम मुकाट्याने करते.

चिखलाचे म्हणाल, तर हायलक्सला मागचा डिफरेन्शियल लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाके एकत्र फिरवणारी कळ, कंपनीकडूनच येतो. तुमच्या उतरणीवर एक मागचे चाक मोकळे फिरू लागले की त्याची किंमत कळते. मात्र एक लक्षात ठेवावे, दोन्हींचे फोर-बाय-फोर ‘पार्ट-टाइम’ प्रकारचे आहे, म्हणजे ते माती, वाळू, चिखल यांसाठीच लावायचे. कोरड्या डांबरावर, त्यातही घाटाच्या वळणांवर, ते लावून ठेवल्यास गिअरप्रणालीवर नाहक ताण येतो. टायरबद्दलही सांगतो: शोरूममधून गाडीसोबत येणारे टायर जर निव्वळ रस्त्याचे असतील, तर लाल चिखलात त्यांच्या खाचा भरून गुळगुळीत होतात आणि मग फोर-बाय-फोर असूनही गाडी आडवी सरकते. ऑल-टेरेन (रस्ता आणि चिखल दोन्हींसाठीच्या) टायरचा खर्च पहिल्याच दिवशी अंदाजपत्रकात धरावा.

नाशिकचा_द्राक्षवाला

इंजिनाची चर्चा योग्यच आहे, पण पेट्यांचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही. गाडीच्या कागदांवर भारासहित (भरल्या गाडीचे कमाल) वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन असे दोन आकडे असतात. त्यांच्यातील फरकात माल आणि माणसे दोन्ही बसवायची असतात. पाच प्रौढ माणसांचेच वजन साडेतीनशे किलोच्या आसपास जाते. या दोन्ही गाड्या खासगी, हौशी वापरासाठी सजवलेल्या असल्याने, हौदा कितीही प्रशस्त दिसला तरी कागदावर मालासाठी उरणारे वजन फार मोठे नसते. हंगामात आई-वडिलांसह वीस-पंचवीस पेट्या भरून निघालात, तर मर्यादा कधी ओलांडली हे कळणारही नाही, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी नेमका तोच आकडा पाहील.

माझे स्पष्ट मत असे की पेट्यांची खरी वाहतूक या गाडीवर टाकूच नये. बोलेरो पिकअपसारखे वाहन साधारण एक तृतीयांश किमतीत एक टनाहून अधिक माल नेते, आणि हंगामापुरते ते भाड्यानेही मिळते. तुमची पिकअप पोती, पंप आणि थोड्याफार पेट्या यांपुरती ठेवली, तर निवड बरीच सोपी होते.

कोल्हापूरकर_७७

राम राम. आई-वडील मागे बसणार आहेत, म्हणून लिहितो. रिकाम्या हौद्याने गेल्यास मागचे पाटे खड्ड्यांवर गाडी उडवतात, आणि हा त्रास दोन्हींमध्ये आहे. ज्येष्ठांना आणखी जाच होतो तो चढण्या-उतरण्याचा. एकटे जाऊन गाडी पाहू नका, आईंना बरोबर न्या, त्यांना स्वतःहून मागच्या सीटवर चढू द्या आणि पाठीचा कोन त्यांना मानवतो का, ते विचारा.

सेवा केंद्राबाबत टोयोटाचे पारडे जड आहे. केंद्रे जास्त आहेत, आणि फॉर्च्युनरचेच इंजिन असल्याने सुटे भाग व ते हाताळणारे कारागीर सहज मिळतात. इसुझूचे इंजिन चिवट म्हणून नावाजलेले असले तरी तिची केंद्रे मोजक्या शहरांत आहेत; तुम्हाला सर्वांत जवळचे केंद्र किती किलोमीटरवर पडते, हे बुकिंगआधी मोजावे. इंधनाची टाकीही हायलक्सची 80 लिटरची, तर व्ही-क्रॉसची 55 लिटरची आहे.

नोंदणी खासगी होणार की मालवाहू, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. मालवाहू झाल्यास पिवळी पाटी, वेगळा विमा आणि पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी फिटनेस तपासणी, हे सगळे मागे लागते.

देवगडचा_बागायतदार

सर्वांचे मनापासून आभार. द्राक्षवाल्यांचा मुद्दा पटला. हंगामातील पेट्यांसाठी गावातील टेम्पो नेहमीप्रमाणे सांगू. तसे झाले तर व्ही-क्रॉसचे इंजिन मला कमी पडणार नाही, असे वाटू लागले आहे. उरला तो डिफरेन्शियल लॉक आणि सेवा केंद्राचे अंतर.

घाटमाथा

मग चाचणी शहरात घेऊ नका. दोन्ही विक्रेत्यांना घाटाची चढण मागा आणि हौद्यात कागदावर बसतील तेवढी खताची पोती टाकून चालवा. सोबत मोजपट्टी ठेवा: चाकांच्या उंचवट्यांमधील रुंदी आणि फाळका उघडल्यावर जमिनीपासूनची उंची घ्या, कारण पन्नास किलोचे पोते रोज तेवढे वर उचलायचे आहे. आणि पेटी ओली होऊ नये म्हणून हौद्यावर झाकण बसवणार असाल, तर पंप उभा मावतो का, तेही त्याच वेळी पाहून घ्या.