ऑरेटोरिओ ऐकायला सुरुवात कुठून करू?

पेंगुळगाडा:
नमस्कार मंडळी. शाळेत असताना नाताळच्या कार्यक्रमात संगीतकार हँडलचं 'हालेलुया' कोरसमध्ये गायलो होतो, तेवढीच माझी पुंजी. ते ज्या ऑरेटोरिओतलं (म्हणजे गाऊन मांडलेली मोठी धार्मिक रचना), ते अख्खं 'मसाया' परवा मोठ्या हौसेने लावलं. अडीच तास! तासाभरात डुलक्या. बरोक काळातलंच (सतरावं-अठरावं शतक), धार्मिकच, पण एका बैठकीत संपणारं काही आहे का? लॅटिन, इटालियन काही येत नाही. आणि ऑपेरापेक्षा ऑरेटोरिओत वेगळं काय असतं?

खर्जातला:
जाकोमो कारिस्सिमी या इटालियन संगीतकाराचं लॅटिनमधलं 'येफ्ते' ऐका. पंचवीसेक मिनिटांत संपतं. हा गेला १६७४ मध्ये, हँडल जन्मला १६८५ मध्ये. म्हणजे तुम्ही प्रवाहाच्या पुष्कळ वरच्या अंगाला जाताय.

गोष्ट बायबलमधल्या 'शास्ते' या पुस्तकाच्या ११व्या अध्यायातली. इफ्ताह (तोच 'येफ्ते') अम्मोनी लोकांशी लढायला निघताना नवस बोलतो, की जिंकून परतलो तर घरातून जे पहिलं सामोरं येईल त्याचा होम करीन. सामोरी येते एकुलती एक लेक, डफ वाजवत, नाचत. तोवर नुसती लढाई आणि जल्लोष, आणि मग रंग एकदम पालटतो. हा पालट तेव्हाच इतका गाजला की किर्चर नावाच्या जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघातल्या) पंडिताने १६५० च्या आपल्या ग्रंथात त्याची वाखाणणी केली.

मुलगी डोंगरात विलाप करते तेव्हा तिच्या ओळींची शेवटची टोकं दुसरे आवाज पडसादासारखी परत म्हणतात. शेवटी सहा आवाजांचा कोरस: 'प्लोराते', म्हणजे रडा. एक आवाज स्वर धरून ठेवतो, दुसरा खाली सरकतो, दोघं क्षणभर एकमेकांना खुपतात आणि सुटतात, की लगेच पुढची जोडी खुपायला लागते. मी इतक्या वर्षांत तो एकदाही अर्ध्यावर बंद करू शकलेलो नाही.

एकतारी:
+१. फरकाचं सांगते. ऑरेटोरिओत वेशभूषा नाही, पडदे नाहीत, अभिनय नाही. गोष्ट पुढे नेणारा निवेदक अनेकदा असतो, पण 'येफ्ते'त ते काम एकाच गायकाकडे नाही. कधी हा गातो, कधी ती, कधी सगळे मिळून. इटालियनमध्ये ऑरेटोरिओ म्हणजे प्रार्थनागृह, नाव पडलं त्यावरून. १६३९ मध्ये मोगार नावाच्या फ्रेंच वादकाने रोममधली अशी एक बैठक लिहून ठेवली आहे. ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार. आधी जुन्या करारातली कथा गाऊन, मग प्रवचन, मग त्या दिवसाचं शुभवर्तमान (येशूच्या चरित्रातला उतारा) पुन्हा गाऊन. वाचताना मला आपलं कीर्तनच आठवलं, फक्त बुवा मध्ये आणि गाणं दोन्ही बाजूंना.

रेकॉर्डिंग निवडताना मोठ्या कॉयरचं (गायकवृंदाचं) घेऊ नका. साथ फक्त कंटिन्युओची, म्हणजे खालच्या स्वरांचा आधार देणारी ऑर्गन, थिओर्बो (लांब मानेचं तंतुवाद्य) वगैरे. शंभर गळे आले की सगळं थिजतं.

जॉर्जपंत:
हँडलवर अन्याय होतोय. त्यानेही हीच कथा घेतली, 'जेफ्था', १७५१. त्यातला 'प्रभू, तुझे निर्णय किती अंधारे' हा कोरस लिहीत असताना १३ फेब्रुवारीला त्याने हस्तलिखितातच जर्मनमध्ये नोंद केली की डावा डोळा साथ देत नाही, थांबावं लागतंय. हे माहीत असताना तो कोरस ऐकून बघा. आणि गंमत म्हणजे कारिस्सिमीचा 'प्लोराते' त्याने आधी 'सॅमसन' या आपल्याच ऑरेटोरिओत उचलला होता.

खर्जातला:
उचलला, मान्य. पण हँडलच्या गोष्टीत देवदूत येऊन मुलीला वाचवतो. तिथे माझी सगळी हवा जाते.

जॉर्जपंत:
बरं, मग त्या कोरसपर्यंतच ऐका आणि बंद करा :)

पेंगुळगाडा:
ऐकलं. आधी ऑफिसचं काम करता करता लावलं, काही पोचलं नाही. रात्री मराठी बायबलमधला तो अध्याय वाचला, शब्द समोर ठेवले आणि दिवा मालवून पुन्हा लावलं. दोन महिने द्या, मैत्रिणींबरोबर डोंगरात जाऊन रडते, असं ती बापाकडे मागते, तिथे मी उठून बसलो. 'प्लोराते' चालू असताना बायको बाहेर आली, म्हणाली, कोण गेलं?

जॉर्जपंत, आता तो डोळ्याचा कोरस. अख्खं नको, तेवढाच.