अनुभव धागा : निव्वळ मजेसाठी वाचलेल्या कादंबऱ्या, तेव्हा कशा वाटल्या आणि आता?

मंडळी, परवा इंदूरच्या खजूरी बाजारात मुलाची कोर्सची पुस्तकं घ्यायला गेलो होतो, जुन्या पुस्तकांच्या ढिगात मराठी 'मृत्युंजय' दिसली, घेऊन आलो आणि चार रात्री दुसरं काही सुचलं नाही. आठवीत पहिल्यांदा वाचली तेव्हा शाळा हिंदी मीडियमची, मराठी फक्त घरात बोलायची, त्यामुळे पहिली पन्नास पानं बोट ठेवून वाचली आणि मग बोट कधी सुटलं ते कळलंच नाही. कर्ण कवचकुंडलं देतो तिथं खूप रडलो होतो. आता पंचेचाळिशीत कर्णाचेच भाग जड गेले, उपमेवर उपमा येतात, दम लागतो. पण कर्णाच्या धाकट्या भावाचा, शोणाचा भाग, जो तेव्हा भराभर उलटला होता, तो थांबून थांबून वाचला. सहा जण मिळून ही गोष्ट सांगतात, त्यात शोणाला स्वतःचं काही मोठेपण नकोय, त्याला फक्त दादा हवाय. माझा धाकटा भाऊ भोपाळला असतो, त्याला रात्री साडेबाराला फोन लावला.
तुम्ही सांगा. अभ्यासाच्या नाही, पुरस्कार मिळाला म्हणून वाचलेल्याही नाही, जेवण गार होईपर्यंत वाचलेल्या. आणि आता मत बदललं असेल तर तेही मोकळेपणानं लिहा.

रामबागची मावशी
माझी 'ययाति'. लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा सासूबाईंच्या कपाटात होती, दुपारी सगळे झोपले की काढायची. तेव्हा देवयानीचा इतका राग यायचा! शर्मिष्ठेला दासी करते, नवऱ्याला टोचून बोलते, बस, ठरवून टाकलं की ही वाईट. आता तिसऱ्यांदा वाचली तर वाटलं की हिला कोणी नीट प्रेमानं वागवलंय कुठं? कच निघून गेला, नवरा मनानं कधी तिचा झालाच नाही, आणि बापाचा राग हेच तिचं एकमेव बळ. आणि तो ययाति, स्वतःच्या मुलाकडे तारुण्य मागतो! विशीत मला तो दुःखी राजा वाटायचा, आज माझा मुलगा तीस वर्षांचा आहे आणि ते पान वाचताना अंगावर काटा येतो. खांडेकरांनी तिघांनाही आपापल्या तोंडून बोलू दिलं म्हणून हे जमलं, एकट्या ययातिनं सांगितली असती तर आपण त्याचंच खरं मानलं असतं.

लोकमान्य नगर
आमच्या घरात 'पानिपत'वरून खरोखर भांडण झालंय. 1988 ची कादंबरी, वडिलांनी आल्या आल्या मागवली, पुण्याच्या गाडीनं मामा घेऊन आले. वडील दोन दिवसांत वाचून बसले आणि मग जेवताना सुरू झाले की मल्हाररावांना न्याय मिळाला नाही. आम्ही होळकरांच्या गावातले, शाळेतून छत्रीबागेत सहल जायची, त्यामुळे मल्हारराव म्हणजे घरातलं माणूस. मराठ्यांचा वैरी असलेल्या नजीबाला त्यांनी वाचवलं हे खरं, शेवटच्या दिवशी ते रणातून निघाले हेही खरं, पण वडिलांचं म्हणणं असं की बुडती लढाई ओळखून आपली माणसं बाहेर काढणं याला पळणं म्हणायचं का. मी तेव्हा अठराचा, मला ते फक्त बाजू घेणं वाटलं. कादंबरी म्हणून मला ती आजही जबरदस्त लागते, लाखभर माणसं उपाशी बसलीयत तो भाग वाचताना पोटात खड्डा पडतो. पण मल्हाररावांबद्दल आता मी वडिलांकडचा आहे, आणि हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

माहेर ग्वाल्हेर
वरच्या दादांना उत्तर. आमच्या माहेरी हेच पुस्तक उलट्या बाजूनं वाचलं जायचं! बुराडी घाटावर दत्ताजी पडतात तो भाग आजोबा उभं राहून वाचायचे. शिंद्यांचे दत्ताजी गेले, मग जनकोजी गेले, महादजी जखमी होऊन वाचले, आणि तुम्ही म्हणता होळकर शहाणे. लग्नानंतर इथं राजवाड्यापासून दहा मिनिटांवर राहायला आले आणि सासरेबुवांशी पहिलं मोकळं बोलणं झालं ते याच विषयावर, मी बोलून गेले आणि मग घाबरले, ते मात्र खूश, म्हणाले सूनबाई वाचते. दोघंही आपापल्या जागी ठाम राहिलो. दादा, वडिलांचं म्हणणं तुम्ही इथं लिहिलंत ते फार बरं केलंत.

विजयनगर, आयटी
'दुनियादारी'. तोवर मला वाटायचं मराठी कादंबरी म्हणजे पेशवे नाहीतर महाभारत. 2013 ला सिनेमा आला म्हणून आत्येभावानं पुस्तक पाठवलं, कॉलेजचं दुसरं वर्ष, रात्री दोनपर्यंत जागून संपवलं. मराठीत मुलं अशी बोलतात हेच माहीत नव्हतं, आम्ही मित्रांशी हिंदीत बोलणारे. परत वाचली तर एक खटकलं, मुली सगळ्या कट्ट्यावरच्या पोरांच्या नजरेतूनच दिसतात. तरी मला मराठी वाचायला हिनंच लावलं, तिचं ऋण आहे.

नारायण धारप फॅन
उन्हाळ्यात गच्चीवर, टॉर्च लावून. धारपांच्या गोष्टींत भुताखेतांपासून वाचवणारे समर्थ येतील या भरवशावर पुढचं पान उलटायचं. मत अजिबात बदललं नाही.

एक वाचक
कोणी 'स्वामी'बद्दल लिहिलं नाही म्हणून लिहिते. नववीत असताना रमाबाईंचं सती जाणं मला फार सुंदर वाटलं होतं, वहीत लिहूनही ठेवलं होतं. आता मला मुलगी आहे. माधवराव सत्ताविसाव्या वर्षी गेले, ती तर त्यांच्याहूनही लहान. रणजित देसाईंनी ते इतक्या हळुवारपणे लिहिलंय की वाचणाऱ्याला आग दिसतच नाही, आणि माझी तक्रार तीच आहे, आग दिसायला हवी होती. बाकी पुस्तक मला अजून प्रिय आहे, काका-पुतण्याचे प्रसंग तर काय लिहिलेत!

सुदामा नगर
वरच्या ताईंचं पटलं. आमच्याकडे सध्या 'स्वामी'च चालू आहे. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी वाचायला मनाई केलीय, म्हणून मी ऑफिसातून आलो की मोठ्यानं वीस पानं वाचतो. माझं मराठी अडखळत, ती पडल्या पडल्या शब्द दुरुस्त करते, तिला कितीतरी वाक्यं पाठ आहेत. काल थेऊरपर्यंत, म्हणजे माधवरावांच्या शेवटच्या दिवसांपर्यंत आलो. आई म्हणाली, पुढचं नको आता, उद्या पुन्हा पहिल्यापासून घे.