मदत हवी आहे: कोलेस्टेरॉल काढल्यावर पेशीपटल सैल झालं की घट्ट?

मंडळी, एमएस्सीच्या प्रकल्पात अडकलेय. हेला पेशींतलं (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी) कोलेस्टेरॉल मिथाइल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनने काढलं (5 मिलिमोलर, 37 अंशांवर 30 मिनिटं). लॉर्डॅन या पटलात शिरणाऱ्या चमकत्या रंगाचा जीपी (पटल किती घट्ट ते सांगणारा आकडा) खाली आला, म्हणजे 440 नॅनोमीटरचा प्रकाश घटून 490चा वाढला. पटलात पाणी जास्त शिरतंय, रचना सैल झालीय. इथवर पुस्तकाप्रमाणे. पण फ्रॅपमध्ये (लेझरने पटलावरचा चमकता ठिपका विझवायचा, म्हणजे ब्लीच करायचा, आणि तो किती लवकर पुन्हा उजळतो ते पाहायचं) उलटंच! ब्लीच केलेला ठिपका आधीपेक्षा सावकाश भरतोय.

सर म्हणतात, तरलता वाढली की हालचालही वाढायलाच हवी. मला पटत नाही. डीपीपीसी या संतृप्त लिपिडचं अवस्थांतराचं (घट्ट थर सैल होण्याचं) तापमान 41 अंश. खोलीच्या तापमानाला त्यातलं कोलेस्टेरॉल काढलं तर थर उलट घट्ट होतो. मग सरसकट नियम कसा? अर्थात पेशीत असंतृप्त लिपिड भरपूर, त्यामुळे हे कारण इथे चालेलसं वाटत नाही.

पटलाखालचं ॲक्टिन या प्रथिनाचं जाळं आड येतंय का? की सायक्लोडेक्स्ट्रिन फॉस्फोलिपिडही ओढून नेतंय? कोलेस्टेरॉल भरलेलं सायक्लोडेक्स्ट्रिन देऊन सगळं पूर्ववत होतं का, ते तपासणार आहेच. पण ॲक्टिनचं जाळं मोडणाऱ्या लॅट्रनक्युलिनचा कंट्रोल कुणी लावलाय का? मात्रा किती, वेळ किती? पुढच्या आठवड्यात सादरीकरण आहे आणि कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाचा एकच स्लॉट उरलाय.