मदत हवी आहे: टास्कबार उभा ठेवणारे कोणी आहे का?

नमस्कार मंडळी,

कामाच्या वेळी माझ्याकडे एकावेळी बऱ्याच विंडो उघड्या असतात: दोन-तीन एक्सेल शीट, पीडीएफ, मेल, ब्राउझर. मला टास्कबार (उघड्या विंडो दाखवणारी पट्टी) स्क्रीनच्या डाव्या कडेला उभा लागतो आणि प्रत्येक विंडोचं नाव वाचता आलं पाहिजे. आजचे मॉनिटर रुंद असतात, उंची मात्र कमी. मग वाचायची जागा खालच्या पट्टीला का द्यायची? शिवाय उभ्या पट्टीत नावं एकाखाली एक येतात, नजर सरळ खाली जाते.

विंडोज ११ २०२१ मध्ये आलं तेव्हा त्यात टास्कबार कडेला नेण्याची सोय नव्हती. विंडोंची नावं वेगवेगळी दाखवण्याचा पर्याय २०२३ मध्ये परत आला, तो मी लगेच चालू केला. एकाच आयकॉनखाली सगळ्या फायली गोळा झाल्या की हवी ती शोधण्यात कामाची लय तुटते. कंट्रोल दाबून त्या आयकॉनवर क्लिक करत राहिलं की एकेक विंडो समोर येते, हे खरंच उपयोगी आहे. ऑल्ट-टॅब, म्हणजे त्या दोन कळा दाबून विंडो बदलणं, दोन विंडोंपुरतं उत्तम, पण जास्त असल्या की क्रम सतत बदलतो आणि हाताला सवयच लागत नाही.

तर विचारायचं असं, की बाहेरचं सॉफ्टवेअर टाकून कोणी उभा टास्कबार वापरतंय का? अपडेटनंतर ते नीट चालतं का? की विंडोज सोडून लिनक्सवर केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपकडे वळावं? तिथे पॅनेल, म्हणजे टास्कबारसारखी पट्टी, कुठल्याही कडेला लावता येतं. व्हर्च्युअल डेस्कटॉपवर (एकाच स्क्रीनवर आलटून पालटून दिसणारे वेगवेगळे डेस्कटॉप) कामं वाटून घेणाऱ्यांनीही आपली पद्धत जरूर सांगा, कुठल्या डेस्कटॉपवर काय ठेवता तेही.